तेजू गप्प का बसली

रहिमतपूरच्या अलीकडं, ओढ्याकाठी
९ फेब्रुवारी २०२५

बनुआजी,

मी बिरदेव. जानेवारीत तुमच्या पाडळवाडीच्या मळ्यात खतासाठी मेंढरं बसली हुती, त्या कोंडीबा धनगराचा पुतण्या. निघताना तुमी भाकरीच्या फडक्याखाली पुस्तक घालून दिलंत तो मीच. फोनवर तुमाला नीट ऐकू येत न्हाई, म्हणून लिवतोय. नववीत शाळा सुटली, त्यानंतर एवढं कधी लिवलं न्हाई. अक्षराला हसा, पण वाचा.

पुस्तकाचं एकशेविसावं पान चालू हाय आणि माझं डोकं फिरलंय.

ही तेजू काय पोरगी हाय वो? शाळेची नवीकोरी दुर्बीण हिच्या हातनं पडली. हिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, दार ओढून घेतलं आणि घरी जाऊन पोहे खाल्ले. दुसऱ्या दिवशी शिपायाच्या मुन्नाला सगळ्या शाळेपुढं उभा केला, कारण खोलीची किल्ली त्याच्या बापाकडं. आणि ही तिसऱ्या बाकावर बसून वेणीचं टोक चावतीय. चाळीस पानं झाली, चावतीयच. मी बांधावर बसून तिला मोठमोठ्यानं शिव्या घातल्या. तेवढ्यात चार मेंढरं एकाच्या हरभऱ्यात शिरली आणि चुलत्यानं काठी फेकून मारली. म्हणलं, मला काय मारताय, त्या तेजूला मारा.

"कोण तेजू? कुठल्या गावची?" चुलत्यानं लय गंभीर होऊन इचारलं.

आई हसली. माझी आई, धोंडुबाई. ऊस जळाल्यापास्नं पहिल्यांदा हसली.

त्या उसाचा राग तेजूवर निघतोय का काय, मला ठावं न्हाई. पण राग हाय. शेजारच्या नानासोंचा एकरभर ऊस पेटला. तुमचे चिरंजीव लालासाहेब म्हणाले, धनगराच्या चुलीची ठिणगी. बरं, त्यांचं पण पाचट गेलं, माणूस बोलणारच. आमी सगळे मेंढरांमागं नदीकडं हुतो, कुणी काय बघितलं न्हवतं. मग नानासो चुलत्याला म्हणाले, ठिणगी तुमच्या चुलीची न्हवती अशी शपथ घेऊन बिरोबाचा भंडारा उचल, विषय मिटला. चुलता उचलंना. कारण आईनं सकाळी निखाऱ्यावर राख ओढली हुती, पण पुरी ओढली का, ते तिला छातीठोक सांगता येईना. ती म्हणाली, "मला वाटतंय ओढली." आमच्यात 'वाटतंय' वर भंडारा उचलत न्हाईत. खात्री नसताना हळद हातात घ्यायची म्हंजी देवाच्या तोंडावर खोटं बोलायचं. तर गावानं त्याचा अर्थ काय काढला? कबूल झाला. माणूस खोटं बोलत न्हाई म्हणून त्याला गुन्हेगार ठरवायचं, ही कुठली रीत?

आता आमच्या आधी बातमी पोचती. "पाडळवाडीत आग लावली ते तुमीच न्हवं?" रानात बसू देत न्हाईत. आणि आई रोज चुलीवर तीन तांबे पाणी ओतती. चूल पाण्यानं विझवू नये, हे आमाला तीच सांगायची.

तेजू पुढं बोलती का न्हाई, ते सांगू नका, मीच वाचतो. पण ती गप्प का बसली, एवढं तुमी सांगा. सगळं गाव आमाला शिव्या देत हुतं तवा तुमी एकट्यांनी भाकरी बांधून दिली. तुमाला माणसं कळत्यात.

पाकिटावर मागं किराणा दुकानाचा पत्ता लिवलाय. आमी दहा-बारा दिवस हितंच आसपास हाय.

तुमचा
बिरदेव

*

पाडळवाडी, ता. वाळवा
१७ फेब्रुवारी २०२५

चिरंजीव बिरदेवा, आजीचा आशीर्वाद.

तुझं पत्र आलं, बरं वाटलं. आमचे हे सैन्यात होते, तेव्हा अशी पत्रं यायची. मी लिहायला शिकले ती त्यांना उत्तर द्यायला. पुस्तक नात क्रांतीचं. ती सांगलीला शिकते, दिवाळीत आली आणि विसरून गेली. मी दोनदा वाचलं. आमच्या लहानपणी असली पुस्तकं कुणी हातात दिली नाहीत. तेजूचा आजोबा छत्र्या दुरुस्त करतो ना, तो मला फार आवडला. गिऱ्हाईकाची छत्री उघडून आधी स्वतः खाली उभा राहून बघतो.

तेजूला तू एवढं बोलू नकोस. ती वाईट नाही. पहिल्या दिवशी ती घाबरली. दुसऱ्या दिवशी बोलली असती, तर काल का नाही बोललीस म्हणाले असते. तिसऱ्या दिवशी दोन दिवसांचा जाब द्यावा लागला असता. गप्प बसणं दुधावरच्या सायीसारखं असतं रे. नुसतं ठेवलं तरी जाड होतं. आणि बोलून दुर्बीण थोडीच सांधली जाणार होती?

धोंडुबाईला सांग, चुलीवर पाणी ओतू नको. राख नीट ओढलेलीच होती. तिच्यासारखी नेटकी बाई विसरायची नाही.

इकडे उन्हं वाढली आहेत. लाला बरा आहे.

बनुबाई

*

औंधच्या रस्त्याला
३ मार्च २०२५

बनुआजी,

तुमचं पटलं न्हाई. सायीचं तर अजिबात न्हाई. दूध तिचं न्हवतंच, मुन्नाचं हुतं. तिची साय जाड होत हुती तवर मुन्नाचं काय होत हुतं? त्याच्या बापाची बदली रात्रपाळीला केली, हे तुमी वाचलं न्हाई का? दुर्बीण सांधत न्हाई, कबूल. पण दुर्बिणीला कोण इचारतंय.

आणि मुन्नावर पण मला संताप हाय. त्याला ठावं हाय कुणी फोडली. त्यानं तिच्या बोटाला कापलेलं बघितलंय. तरी बोलत न्हाई, का, तर ती डब्यातलं लोणचं त्याला देती. लोणच्यासाठी बाप विकला गाढवानं. मी आमच्या एका कोकराचं नाव मुन्ना ठेवलंय, ते पण असंच, कुणी पण ढकललं की बाजूला सरकतंय.

मधी दोन दिवस खंडाळ्याला जाऊन आलो. काम काय न्हवतं. ट्रकवाला म्हणला येतोस का, गेलो. हायवेला बसून तीस पानं वाचली. परत आलो तर चुलता म्हणला, तुझ्या पायाला भिंगरी हाय, एक दिवस मेंढरं तुला इकून जातील. विट्याचा एक दोस्त सोनं गाळायच्या दुकानात गुंटूरला हाय, तो पण बोलावतोय. जावं का न्हाई, कळंना. पुस्तक संपल्याबिगर कुठं जाणार न्हाई, एवढं नक्की. काय सांगत हुतो?

हां. आता दुपारची मेंढरं सावलीला बसली की मी मोठ्यानं वाचतो. तळावरची सगळी ऐकत्यात. चुलता म्हणतो हेडमास्तर बैल हाय. सोनियाकाकी म्हणती, पोरीला आई न्हाई म्हणून अशी झाली. भांडणं लागत्यात, परवा तर तळावरच्या दोन बायांनी त्यावरनं एकमेकींशी बोलणं सोडलं. लय मजा येती, आजी. एक बारीक गोष्ट हाय, तेजू जिना चढताना पायऱ्या मोजती आणि शेवटची पायरी मोजायची सोडती. का, ते लिवलं न्हाई. पण असली माणसं असत्यात. लिवणाऱ्यानं कुठंतरी बघितली असणार.

आई नुसती ऐकती. परवा पोह्यांचं पान मी परत वाचलं, तर एवढंच म्हणाली, "तिला भूक लागली कशी?"

याचं उत्तर तुमी द्या. 

तुमी आईला राख ओढलेलीच हुती म्हणून सांगितलं, ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या चांगल्या हायत म्हणून म्हणत्यात."

बिरदेव

*

पाडळवाडी
१३ मार्च २०२५

बिरदेवास,

क्रांतीला पुस्तक परत हवं आहे. शेवटची पानं राहिली असतील तर राहू देत, पोस्टानं लावून दे. आता डोळे बरोबर नाहीत, लिहिणं होत नाही. तूही लिहीत बसू नकोस, मेंढरांकडे लक्ष दे. पुस्तकातल्या माणसांवर एवढा जीव जाळायचा नसतो.

बनुबाई

*

वडूजच्या खाली
२५ मार्च २०२५

बनुआजी,

तुमचं चार ओळींचं पत्र मिळालं. कळलं. तुमाला पण गावानं शिकवलेलं दिसतंय. धनगराच्या हातात पुस्तक राहिलं तर ते पण जळंल, असंच ना? पुस्तक परत पाठवतो, पण पुरं वाचून. अर्ध्यात काढून घ्यायला ते ताट हाय का?

आणि जीव जाळू नका म्हणून तुमी कुणाला सांगताय? तुमीच दोनदा वाचलंय.

काल शेवट वाचला. तेजू प्रार्थनेच्या वेळी स्टेजवर चढली, माईक घेतला आणि बोलली. सगळं बोलली. हेडमास्तरांनी चष्मा काढला, मुन्नानं मान वर केली आणि शाळेनं टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं. मग लगेच राग आला. टाळ्या कशाच्या? जे पहिल्या दिवशी करायचं ते दोनशे पानांनी केलं, म्हणून टाळ्या? बाकी पुस्तक एक नंबर, पण हितं लिवणारा फसला.

आता दुसरं सांगतो. सांगायचं न्हवतं, पण राग आलाय तर सगळंच लिवतो.

परवा एका गावात आमाला बांधावरच अडवलं. तेच, पाडळवाडीचं. चुलता समजावत हुता. तर आई पुढं झाली आणि त्या माणसाच्या पाया पडली. म्हणाली, "चूल माझी हुती. माझ्याच हातनं झालं. ह्यांचा काय दोष न्हाई, ह्यांना बसू द्या, मी रस्त्यावर बसते." सगळ्यांसमोर, आजी. माझी आई. आधी ती 'वाटतंय' म्हणायची. आता ते पण गेलं. दोन महिने लोकांनी सांगितलं आणि तिला खरं वाटायला लागलं.

आता ती म्हणती, आमच्या वस्तीवर म्हसवडच्या अंगाला बिरोबाचं देऊळ हाय, तिथं चैत्री पुनवेला सगळ्या तळांची माणसं जमत्यात, त्यांच्यापुढं मी भंडारा उचलून सांगणार, आग माझ्या हातनं लागली. म्हंजी बाकीच्यांची नावं सुटतील. चुलता म्हणतो, खात्री हाय का? ती म्हणती, हाय. मी म्हणतो, न्हाई. भंडारा एकदा उचलला की तो माघारी ठेवता येत न्हाई. मग ते जन्मभर तिचंच.

पुनव बारा एप्रिलला. आमी रामनवमीच्या आधीच वस्तीवर पोचतोय.

तुमाला काय त्याचं. तुमचे डोळे बरोबर न्हाईत.

बिरदेव

*

पाडळवाडी
४ एप्रिल २०२५

बिरदेवा,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. नानासो स्वतः घेऊन येत आहेत. आधी धोंडुबाईला बसव, मग वाच.

आग लालानं लावली. त्या दिवशी सकाळी दहा वाजता मी त्याचा चहा घेऊन मळ्यात गेले होते. वरच्या तुकड्यात त्यानं तोडलेल्या उसाचं पाचट पेटवलं. फोन आला तसा बोलत बोलत रस्त्याकडे गेला. वारा उठला. मी हाका मारल्या, त्याला ऐकू गेल्या नाहीत. आग बांध ओलांडून नानासोंच्या उसात शिरली. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. धोंडुबाईची चूल खालच्या टोकाला होती आणि थंड होती. ऊस जळून गेल्यावर मी तिथंही जाऊन आले. राखेवर हात ठेवून बघितला.

लाला म्हणाला, आई, तू घरी होतीस. मी म्हणाले, बरं.

नानासोंच्या घराशी आमचं बांधावरून आधीच वाकडं. खरं कळलं तर दोन घरांत कुऱ्हाडी निघतील असं वाटलं. आणि मनात हेही म्हणाले, की धनगर वाटेवरची माणसं, आज इथं उद्या तिथं, त्यांच्यावर गेलेलं विसरून जाईल. हे मी म्हणाले. लालानं नाही.

कोंडीबानं भंडारा उचलला नाही तेव्हा मी दारात उभी होते. उचलला असता तरी चाललं असतं, खरंच होतं ते. मला वाटलं, देवानंच आमची सोय केली.

धोंडुबाईनं विचारलं, भूक कशी लागली. लागते, बाई. मी त्या दुपारी दोन भाकऱ्या खाल्ल्या. त्यानंतरची भाकरी तुम्हाला बांधून दिली.

काल नानासोंच्या ओसरीवर जाऊन सगळं सांगितलं. साळूबाई, नानासोंची बायको, पाणी घेऊन आली होती, ती तशीच आत गेली. नानासोंनी टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाले, "भंडारा मी मागितला होता. मीच जातो." लाला माझ्याशी बोलत नाही.

धोंडुबाई, तुझे पाय धरते. भंडारा उचलू नकोस.

बनुबाई

*

वस्तीवर, म्हसवडच्या अंगाला
५ एप्रिल २०२५

बनुबाई,

'आजी' लिवणार न्हाई.

पत्र वाचलं. नानासो समोरच बसलेत, त्यांच्याच हाती हे देतोय. तुमी मला तेजू शिकवत हुता. बसून, दोन पानं भरून, साय न् काय. मी उत्तरं देत हुतो गाढवासारखा. मी तुमाला माणसं कळत्यात म्हणलं. तुमी वाचून काय केलं, हसला?

वाटेवरची माणसं. बरोबर. पण वाटेवरच्या माणसाला पुढल्या वर्षी त्याच वाटेनं परत यावं लागतं. तुमी एका जागी राहता, तुमाला एका गावात तोंड दाखवायचं असतं. आमाला शंभर गावांत.

आईला दोनदा वाचून दाखवलं. मग म्हणाली, परत वाच. तिसऱ्यांदा वाचलं. पाय धरण्याचं वाचलं तवा तिनं हात हलवला, माशी उडवल्यावानी. ती म्हणती ते जसंच्या तसं लिवतोय:

"म्हातारीनं माझे पाय धरायचं कारण न्हाई. पेटवली तिनं न्हाई. ज्यानं पेटवली त्याला पुनवेला हितं पाठवा. न्हाई आला तर मी भंडारा उचलून त्याचं नाव घेईन. आता मला खात्री हाय."

बिरदेव

*

मायणीच्या पुढं, एका हॉटेलात
१६ एप्रिल २०२५

बनुआजी,

'आजी' लिवलं म्हंजी राग गेला असं समजू नका. दुसरं काय लिवायचं ते सुचलं न्हाई.

लालासाहेब आले ते तुमाला ठावं हाय. पुढचं ते सांगणार न्हाईत, म्हणून मी सांगतो.

देवळाच्या पटांगणात माणूस मावत न्हवतं. ते मोटारसायकल लांब लावून चालत आले, इस्त्रीचा शर्ट, मिलिटरीतनं सुटले तरी चाल तीच. थेट चुलत्याकडं गेले आणि हात पुढं केला. चुलता म्हणला, "माझ्याकडं काय? ती तिकडं बसलीय."

आईनं त्यांना बसा म्हणलं न्हाई. इचारायला लागली. किती वाजता पेटवलं? कुठल्या कोपऱ्यातनं? काडीनं का लायटरनं? वारा उठला तवा तोंड कुणीकडं हुतं? ते सांगत गेले. मला वाटलं आता हिला काय कमी पडतंय, कबूल तर करतोय माणूस. पण ती सोडंना. दोन महिने ती सकाळ तिच्या डोक्यात चालली हुती, आता दुसऱ्याची सकाळ तिला पुरी पाहिजे हुती.

"फोन कुणाचा हुता?"

"मित्राचा. पलटणीतला."

"काय बोललास?"

लालासाहेब म्हणाले, "आठवत नाही, ताई."

"मला सगळं आठवतंय," आई म्हणाली. "भाकरी किती थापल्या, कुठली करपली, कुत्र्याला कुठली टाकली. आणि तुला आठवत न्हाई."

मग सुरू झाली. आजी, माझ्या आईनं जमीनवाल्याशी मान वर करून बोललेलं मी जन्मात ऐकलं न्हाई. अर्धा तास बोलली. त्यातलं निम्मं मला लिवता यायचं न्हाई, निम्मं तुमाला वाचवायचं न्हाई. लालासाहेब सावधानमध्ये उभे. शेवटी म्हणाले, "माझी चूक झाली. माफ करा." आई म्हणाली, "माफीचं मागनं बघू. आमाला ज्या ज्या गावानं हाकललं, तिथं जाऊन हे बोल. सात गावं हायत. ह्याला रस्ता ठावं हाय." आणि माझ्याकडं बोट केलं.

तर मी आता तुमच्या पोराच्या मोटारसायकलवर मागं बसून फिरतोय. गुंटूरचं राहिलं. ते गाडी हळू चालवत्यात, गाव जवळ आलं की अजूनच हळू. पहिल्या गावात पाराजवळ थांबले, हेल्मेट काढलं आणि नुसते उभेच. माणसं इचारत्यात, काय पाहिजे? यांनी हेल्मेट टाकीवर ठेवलं. माझ्याकडं बघितलं, मी सांगावं म्हणून. मी गाडीवरनं उतरलो न्हाई. हे बोलणं त्यांचं हाय, मी दुसरीकडं बघत बसलो. मग तेच बोलले. एक म्हातारा म्हणाला, "मग आधी का न्हाई सांगितलंस?" यांनी परत हेल्मेट घातलं.

पुस्तक क्रांतीला सांगलीला परस्पर पाठवलंय. शेवटच्या पानावर, टाळ्या हायत तिथं, मी पेन्सिलनं फुली मारलीय. तिला राग आला तर मला लिवू दे, मी भांडायला तयार हाय.

आज तिसरं गाव झालं. अजून कुठं कुणी टाळी वाजवली न्हाई. एकानं चहा दिला, तो पण मला एकट्यालाच.

बिरदेव